सोपी जादू आणि शिक्षकाचा खरेपणा

(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी पाठ)

"आज एक जादू दाखवू का?" असे शिक्षकाने म्हणताच मागे बसलेली मुलेही पुढे सरकतात. त्यासाठी फार भांडवल लागत नाही. पेला, जुने वर्तमानपत्र आणि चिमूटभर हळद एवढे प्रत्येक घरी असतेच. या पाठात आपण तीन प्रयोग शिकू आणि मग ते कोणत्या वृत्तीने दाखवावेत याचा विचार करू.

१. उलटा पेला

सपाट काठाचा पेला पाण्याने काठोकाठ भरावा. त्यावर पोस्टकार्ड ठेवून ते तळहाताने दाबून धरावे. पेला परातीवर धरून सावकाश उलटा करावा व हात हळूच काढून घ्यावा. कार्ड पडत नाही, पाणीही सांडत नाही.

याचे कारण हवेचा दाब. हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो इतक्या जोराने सर्व बाजूंनी रेटत असते. पेल्यात दहा सेंटिमीटर पाणी असेल, तर त्याचा भार दर चौरस सेंटिमीटरला दहाच ग्रॅम होतो. काठाशी ओले कार्ड चिकटून राहते व हवेला आत शिरू देत नाही.

२. तीन कडी

वर्तमानपत्राच्या चार बोटे रुंद व सुमारे एक मीटर लांब अशा तीन पट्ट्या कराव्यात. पहिलीची टोके सरळ चिकटवावीत. दुसरीचे एक टोक एकदा उलटे करून चिकटवावे, तिसरीचे त्याच दिशेने दोनदा. आता प्रत्येक कडे मधोमध, लांबीच्या दिशेने कापत जावे. पहिल्याची दोन सुटी कडी होतात. दुसऱ्याचे दुप्पट लांबीचे एकच कडे होते. तिसऱ्याची दोन कडी होतात, पण एकमेकांत गुंतलेली.

दुसऱ्या कड्याला एकच बाजू असते. बोट फिरवून पाहा, ते काठ न ओलांडता दोन्ही अंगांवरून जाऊन मूळ जागी येते. मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी १८५८ साली, एकमेकांवर विसंबून न राहता, या पट्टीचा अभ्यास केला.

३. पिवळ्याचे लाल

पांढरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून सुकवावा. बोट कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात भिजवून त्यावर अक्षर काढावे. अक्षर तांबडे उमटते. त्यावर लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळे होते. हळदीतला रंग क्षाराने लाल होतो व आम्लाने परत पिवळा होतो. चुन्यानेही असेच होते, पण चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो. म्हणून मुलांच्या हाती साबणच द्यावा.

आता महत्त्वाचा भाग

प्रत्येक प्रयोग आधी घरी दहा वेळा करून पाहावा. वर्गात काय होणार ते आगाऊ सांगू नये. कोणा मुलाला बोलावून त्याची फजिती करू नये.

परंतु एखादे लहान मूल हळूच विचारील, "सर, तुम्हाला खरंच जादू येते?" या उत्तरातच शिक्षकाची परीक्षा आहे. "हो" म्हणून वर्गाला दिपवणे सोपे आहे. पण योग्य उत्तर असे, "नाही बाळा, ही युक्ती आहे. मी शिकलो, तूही शिकशील."

हा प्रश्न क्षुल्लक नाही. हळदीचा हाच रंगबदल रक्त म्हणून दाखवणारा कोणी उद्या त्या मुलाच्या दारी येईल. मूल तापाने फणफणले असता डॉक्टरांच्या आधी मांत्रिक आठवतो, अशी घरे आपल्या मंडळ्यांत नाहीतच असे आम्ही म्हणू शकत नाही. अशा फसवणुकीविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली आणि कर्नाटकात २०१७ साली कायदे झाले. परंतु ज्या मुलाने साबणाचे बोट स्वतः फिरवले आहे, ते मूल घरातल्यांना वेळीच सावध करील.

ही वाट जुनी आहे. इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ साली चेटकिणींच्या समजुतीविरुद्ध ग्रंथ लिहिला. नाणी, चेंडू व पत्ते यांची हातचलाखी कशी करतात हे त्याने त्यात उघड केले, कारण चेटूक ठरवून निरपराध माणसांचे बळी घेतले जात होते.

आणखी एक सावधगिरी. शास्त्रातील चमत्कार युक्तीने करून दाखवू नये. काना गावच्या लग्नाची गोष्ट सांगताना पेल्यातले पाणी औषध घालून लाल केले, तर मुले त्या वेळी टाळ्या वाजवतील. पण औषधाचा पत्ता लागला की काना गावीही असेच काही झाले असेल, असे त्यांना वाटेल. तीच गत शमरोनातील शिमोनाची. लोकांना थक्क करून आपण कोणी मोठे आहोत असे तो भासवी. आपल्याला त्याच्या रांगेत बसायचे नाही.

म्हणून प्रयोग संपला की कारण सांगावे, साहित्य मुलांच्या हाती द्यावे व घरी भावंडांना करून दाखवायला सांगावे. गुपित कळल्याने मुलांचा आनंद कमी होत नाही, आणि शिक्षकाच्या शब्दावरचा त्यांचा विश्वास वाढतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. गंमत म्हणून चकवणे आणि फसवणे यांत काय फरक आहे?
२. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ वाचा. शिमोनाने पैसे देऊन काय मिळवू पाहिले?
३. आपल्या गावात कोणत्या युक्तीला लोक दैवी शक्ती समजतात?