यादीत नसलेली माणसे

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, ईयोब २९:७-१७

आपल्या मंडळ्यांतील कितीतरी बंधुभगिनी सरकारी नोकरीत आहेत. त्यांपैकी शिक्षक व परिचारिका ह्यांच्या कामाला आपण सहजच सेवा म्हणतो आणि त्यांच्यासाठी उपासनेत प्रार्थनाही होते. परंतु समाजकल्याण खात्यात, तहसील कचेरीतील संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेत किंवा जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षात बसून गरीब कुटुंबांचे अर्ज तपासणारा जो विश्वासी आहे, त्याच्या कामाकडे आपण केवळ पोटापाण्याचा उद्योग म्हणून पाहतो. त्यालाही तसेच वाटू लागते. आठवडाभर नोकरी, रविवारी देवाचे काम, अशी त्याने मनातल्या मनात वाटणी केलेली असते. ही वाटणी शास्त्राला धरून आहे काय, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडा. यरुशलेमेतील मंडळी वाढत आहे. तिच्यात दोन प्रकारचे यहूदी आहेत : स्थानिक इब्री बोलणारे व बाहेरदेशी राहून आलेले ग्रीक बोलणारे. दररोज अन्नाची वाटणी होते आणि ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा तीतून राहून जातात. कुरकुर होते. आता लक्ष द्या : ह्या विधवांना कोणी हाकलून दिले, असे लूक म्हणत नाही. कोणी पैसा खाल्ला, असेही म्हणत नाही. तो जे ग्रीक क्रियापद वापरतो त्याचा अर्थ आहे, पाहता पाहता नजर पुढे निघून जाणे. त्या क्रियापदाचे रूपही असे आहे की, हे एकदा घडले नाही, वारंवार घडत राहिले. वाटणारे दुष्ट नव्हते. ज्यांची भाषा त्यांना येत होती, ज्यांची घरे त्यांना ठाऊक होती, त्यांच्यापर्यंत अन्न पोहोचत होते; बाकीच्या त्यांच्या डोळ्यांना दिसतच नव्हत्या. पवित्र आत्मा उतरला होता, सर्व काही समाईक होते, आणि तरीही विधवा उपाशी होती. मंडळीच्या पहिल्या प्रेमाचा काळ आठवून उसासे टाकणाऱ्यांनी हे एक वचन जरूर वाचावे.

प्रेषितांनी काय केले? कुरकुर करणाऱ्यांना त्यांनी दटावले नाही. अधिक वर्गणी गोळा करा, असेही सांगितले नाही. अन्न कमी पडत होते असा उल्लेख कोठे नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावले, तक्रार उघडपणे मान्य केली आणि ह्या कामासाठी सात माणसे निवडावयास लावली. त्यांची पात्रता पाहा : ज्यांच्याविषयी लोक चांगले बोलतात, आणि जे आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण आहेत. वाटणीच्या पंगतीवर देखरेख करावयाला एवढी मोठी पात्रता! सातही नावे ग्रीक आहेत. ग्रीक नावे इब्री यहूद्यांतही असत, फिलिप्प व अंद्रिया ही प्रेषितांचीच नावे पाहा. तरी एका यादीत सातच्या सात ग्रीक नावे यावीत, आणि शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, यहूदीमत स्वीकारलेला परका असावा, ह्यावरून मला वाटते की ज्यांची विधवा वगळली गेली त्यांच्याच हाती यादी सोपवण्यात आली. हा निर्णय किती धाडसाचा होता, हे ज्याने कोणत्याही वाटपाचे काम केले आहे त्याला समजेल.

आणखी एक गोष्ट भाषांतरात थोडी झाकली जाते. पहिल्या वचनात दररोजच्या वाटणीला जो शब्द आहे, तोच चौथ्या वचनात वचनाच्या सेवेला आहे : दियाकोनिया. लूकापाशी दोन कामांसाठी उच्च व नीच असे दोन शब्द नाहीत. पुष्कळ उपदेशक हा भाग असा समजावून सांगतात की प्रेषितांनी हलके काम दुसऱ्यांवर टाकले. ते बरोबर नाही. त्यांनी काम विभागले. पायरी लावली नाही.

आता ईयोबाकडे वळा. एकोणतिसाव्या अध्यायात तो आपले जुने दिवस आठवतो. तो नगराच्या वेशीत बसत असे, म्हणजे आजच्या भाषेत कचेरीत. आंधळ्याला तो डोळे झाला, लंगड्याला पाय. आणि सोळाव्या वचनात तो म्हणतो की ज्याची आपली काही ओळखदेख नव्हती, त्याच्याही प्रकरणाचा आपण शोध घेतला. हे दयेचे नव्हे, तपासाचे काम आहे. दारी आलेल्याला मूठभर देणे निराळे, आणि अनोळखी माणसाचे म्हणणे खरे काय, त्याचा हक्क कोणता, तो कोठे अडला, हे खणून काढणे निराळे. ह्या दुसऱ्या कामाला ईयोब आपल्या नीतिमत्त्वाचा पुरावा म्हणून देवापुढे मांडतो. आणि हे सर्व तो राखेत बसून बोलत आहे. म्हणजे मेजाच्या पलीकडच्या बाजूला बसण्याची पाळी आता त्याच्यावर आली आहे.

हा शोध आज कसा घ्यावयाचा असतो, ते समजण्यासाठी आपण जयपूरला जाऊ. परकोटाच्या बाहेर, शहराच्या आग्नेयेस आदर्श नगर ही वसाहत आहे. फाळणीनंतर मुलतान, सिंध व पश्चिम पंजाब येथून जे निर्वासित जयपुरास आले, त्यांपैकी कित्येक ह्या भागात स्थिरावले. मुलतानहून आलेल्या दिगंबर जैनांचे मंदिर तेथे आजही त्याची साक्ष देते. एकेकाळी यादीत नाव लागावे म्हणून कागद घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांची ही वसाहत आज सुस्थितीत आहे. तिच्या शेजारी, झालाना डोंगराच्या पायथ्याशी, जवाहर नगरची कच्ची बस्ती पसरली आहे. तिच्या भागांना टिल्यांच्या क्रमांकांनी ओळखतात. दोन्ही वस्त्यांतील लोक रोज एकमेकांना पाहतात. पाहता पाहता नजर पुढे निघून जाण्यास तेथेही भरपूर वाव आहे.

राजस्थान सरकारने २००५ साली पालनहार नावाची योजना सुरू केली. अनाथ मुलाला आश्रमात पाठवण्याऐवजी त्याच्या नातेवाइकाच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या घरीच त्याचे संगोपन व्हावे आणि त्या पालनहाराला दरमहा अनुदान मिळावे, अशी ती कल्पना. मुलांना अंगणवाडीत किंवा शाळेत पाठवणे ही अट. दीर्घकाळ लहान मुलासाठी महिना ५०० रुपये व सहा वर्षांवरील मुलासाठी १००० रुपये मिळत. २०२३ साली ह्या रकमा वाढल्या. (महाराष्ट्रातील वाचकांना आपल्याकडील बालसंगोपन योजना ठाऊक असेल, तिचे अनुदान २०२३ साली महिना २२५० रुपये झाले.)

आरंभी ही योजना फक्त अनुसूचित जातींच्या अनाथ मुलांसाठी होती. येथे आपण क्षणभर थांबू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना व १९९० पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्याला नाही. तेव्हा दलित ख्रिस्ती अनाथाला त्या पहिल्या नियमात जागा नव्हती. यादीतून राहून जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पण पुढे काय झाले ते पाहा. हळूहळू योजनेत इतर जातिधर्मांची मुले आली; विधवा पेन्शनला पात्र असलेल्या आईची मुले आली; जन्मठेप झालेल्या आईबापांची, कुष्ठरोग्यांची, एड्सने पीडित आईबापांची, अपंगांची, टाकलेल्या स्त्रीची मुले आली. दगडाच्या खाणीत धूळ छातीत जाऊन सिलिकोसिस झालेल्या मजुरांची मुले आली. आणि ‘नाता’ गेलेल्या आईची मुले आली. नाता ही राजस्थानातील जुनी चाल : स्त्री विधिपूर्वक लग्नावाचून दुसऱ्या पुरुषाच्या घरी जाते, आणि मुले पुष्कळदा मागे आजीपाशी राहतात. अशा मुलांना कागदोपत्री आई असते, म्हणून ती अनाथ नव्हेत. चुलीपाशी मात्र आई नसते. दिल्लीत बसून हा नियम कोणी लिहिला नसता. अशी मुले आजीच्या घरी जाऊन पाहणाऱ्या, आणि पाहिलेले वर कळवणाऱ्या माणसांवाचून असे कलम नियमात येत नाही.

सरकारी सेवेतील बंधुभगिनींनो, तुमच्या सर्वांत कठीण प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. अर्जदार खरोखर गरजू आहे, परंतु नियमात बसत नाही. पालनहारासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख २० हजार रुपयांची. एखाद्या घरचे थोडे अधिक भरते. किंवा आई नाता गेली, पण तसे प्रमाणपत्र देण्यास कोणी तयार नाही. अशा वेळी काय करावे? खोटा आकडा लिहावा काय? लिहू नये, कारण खोट्याने उघडलेल्या दारातून उद्या ज्याला गरज नाही तोही शिरेल, आणि त्या वेळी अडवण्याचा अधिकार तुमच्यापाशी उरणार नाही. मग नियमात बसत नाही, असे सांगून खिडकी लावावी काय? तेही नव्हे. आधी नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पुष्कळदा वगळणारे कलम पाठ असते आणि सामावून घेणारे कलम कोणी वाचलेलेच नसते. दुसऱ्या योजनेत ते कुटुंब बसते काय, ते पाहा. कशातच बसत नसेल, तर नकाराचे कारण लेखी द्या, आणि अशी किती घरे आली ह्याची नोंद ठेवून ती वरिष्ठांकडे पाठवा. एका वर्षात काही होणार नाही, कदाचित दहा वर्षांतही नाही. परंतु प्रेषितांच्या कानी कुरकुर गेली नसती तर सात माणसे निवडलीच गेली नसती.

राजस्थानातच ह्याची दुसरी बाजूही दिसली. २०१६ च्या सुमारास सामाजिक सुरक्षा पेन्शनच्या याद्या संगणकावर तपासल्या जात असता कित्येक जिवंत वृद्ध माणसे मृत म्हणून नोंदली गेली आणि त्यांची पेन्शन बंद पडली. मजदूर किसान शक्ती संघटनेच्या व इतर कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन ही माणसे शोधली. ह्याच संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई भरवली होती. सरकारी कामाच्या हजेरीपटावरील नावे गावापुढे मोठ्याने वाचली गेली, तेव्हा कामावर कधी न गेलेल्यांच्याच नव्हे, तर मेलेल्यांच्याही नावे मजुरी काढलेली आढळली. यादी चार भिंतींत राहिली म्हणजे मेलेले जेवतात आणि जिवंत उपाशी राहतात. बारा प्रेषितांनी सर्व शिष्यांना बोलावले, ते उगाच नव्हे.

ह्या कामाशी मराठी ख्रिस्ती मंडळीचे नाते जुने आहे, आणि ते आपण विसरत चाललो आहोत. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांनी १९२० च्या दशकात मुंबईच्या नागपाड्यात, दाटीवाटीच्या कामगार वस्तीत, नेबरहूड हाऊस चालवले. गरिबांना मदत करणाऱ्याला केवळ मायाळूपणा पुरत नाही, त्याला शिक्षण हवे, हे त्यांना तेथे पटले. १९३६ साली त्यांच्याच संचालकत्वाखाली समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावे सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. लूक म्हणतो ते ज्ञान ह्यालाच म्हणावे लागेल. आत्म्याने पूर्ण पण शासननिर्णय न वाचणारा कर्मचारी विधवेच्या उपयोगाचा नाही.

अर्थात ह्या खुर्चीचे मोहही आहेत. लाच हा त्यांतला उघड मोह. त्याविषयी विश्वासी माणसाला निराळे सांगावयास नको. आपल्या मंडळीतील माणसाचा कागद वर सरकवणे हा अधिक सूक्ष्म मोह आहे, कारण तो बंधुप्रीतीच्या वेषात येतो. यरुशलेमेतही नेमके तेच घडले होते. उपकारकर्ता होण्याचा मोह त्याहून सूक्ष्म. शासनाने दिलेले शासनाच्याच माणसाने आपल्या पदरचे असल्यासारखे द्यावे आणि घेणाऱ्याने हात जोडावेत, ह्यात देणाऱ्याला गोडी लागते. कचेरीत सुवार्ता सांगण्याची सवलत सरकारी सेवकाला नाही, आणि ती मागूही नये. मदतीची वाट पाहणारा माणूस त्या घटकेला नाही म्हणण्यास मोकळा नसतो. ईयोबाने अनोळखी माणसाच्या प्रकरणाचा शोध घेतला. तो आपल्या देवाला मानतो की नाही, हे आधी विचारले असे तेथे लिहिलेले नाही.

जे सरकारी नोकरीत नाहीत त्यांनाही येथे काम आहे. पालनहार योजनेत मूल शिकत असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो वेळेवर गेला नाही की अनुदान थांबते. पेन्शनसाठी वृद्धांना दरवर्षी हयातीची नोंद करावी लागते, आणि आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या बाईच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. महाराष्ट्रात काय, राजस्थानात काय, हा अनुभव सारखाच. आपल्या तरुण संघांपाशी वाहने आहेत, मोबाईल आहेत, फॉर्म भरण्याइतके शिक्षण आहे. नाताळापूर्वीच्या आठवड्यांत गाण्यांचा सराव चालू असतो, त्याच सुमारास राजस्थानात ही पडताळणी चालते. एका आजीबरोबर ई-मित्र केंद्रापर्यंत जाणे, ठसा उमटला नाही तर दुसरा मार्ग कोणता हे विचारणे, आणि पावती तिच्या हाती देणे, ह्याला एक दुपार लागते.

त्या सातांपैकी स्तेफन लवकरच दगडांखाली मरण पावला. फिलिप्प शोमरोनात गेला, आणि पुढे गज्जाच्या वाटेवर एका हबशी अधिकाऱ्याच्या रथात बसून त्याने त्याला वचन उलगडून दाखवले. तो अधिकारी राणीच्या खजिन्यावरचा, म्हणजे सरकारी नोकरच होता. त्यानंतर वर्षे लोटली. पौल यरुशलेमेकडे जाताना कैसरियात फिलिप्पाच्या घरी उतरला, तेव्हा लूकही त्याच्याबरोबर होता. एव्हाना फिलिप्पाला सुवार्तिक म्हणून सर्व ओळखत होते. ती ओळख लूक देतोच. पण तिच्या जोडीला, एकविसाव्या अध्यायाच्या आठव्या वचनात, तो सात जणांपैकी एक होता, हेही लिहून ठेवतो.