सबसिडीचा हिशेब शेवटी मांड

चि. सोनूस,


तुम्ही दोघांनी घर घ्यायचं ठरवलंत, हे वाचून फार समाधान वाटलं. तू विचारलं आहेस की, प्रधानमंत्री आवास योजनेची सबसिडी मिळणारच असेल तर ठरवला होता त्याहून थोडा मोठा फ्लॅट घ्यायला काय हरकत आहे? मला हरकत वाटते, आणि ती का वाटते हे सविस्तर लिहितो. सरकारी मदत जरूर घे, जितकी मिळते तितकी सगळी घे. तो तुमचा हक्क आहे, त्यात संकोचण्यासारखं काही नाही. पण ती मदत घर मोठं करण्यासाठी खर्च करू नकोस, कर्जाची वर्षं कमी करण्यासाठी वापर. सबसिडी नसती तरी जे घर तुम्हाला पेललं असतं, तेच घर आधी नक्की करायचं. मदतीचा हिशेब त्यानंतर.

मदत नेमकी किती आणि केव्हा मिळते ते आधी पाहू. शहरी योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी सुरू झाला. तुमच्यासारख्या, वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला त्यातली व्याज सवलत लागू होते. घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र १२० चौरस मीटरच्या आत हवं. कर्जातल्या पहिल्या आठ लाखांवर, बारा वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी चार टक्के सवलत धरतात आणि ती जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये होते. ही रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत तुझ्या कर्जखात्यात जमा होते. म्हणजे वर्षाला ३६ हजार. सगळं मिळूनही ३५ लाखांच्या घराच्या किमतीत हा वाटा जेमतेम पाच टक्क्यांचा आहे. त्यातही महत्त्वाचं असं की कर्ज सुरू झाल्याशिवाय यातला एक रुपयाही येत नाही. पैशाची खरी ओढाताण असते ती त्याआधी. ३५ लाखांच्या घराला २५ लाख कर्ज धरलं तर दहा लाख पदरचे हवेत. त्यावर सहा-सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी शुल्क, म्हणजे आणखी अडीच लाखांच्या आसपास. या साडेबारा लाखांना सबसिडीचा काडीचाही आधार नाही. मोठ्या घराच्या मोहात लोक हा खड्डा वैयक्तिक कर्ज काढून किंवा सोनं गहाण टाकून भरतात आणि पहिल्या महिन्यापासून दोन-दोन हप्ते मागे लावून घेतात.

आता दोन वाटांचा हिशेब बघ. २५ लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे २१,७०० रुपये बसतो आणि वीस वर्षांत व्याजापोटीच २७ लाख जातात. सबसिडीचे ३६ हजार दरवर्षी मुद्दलात वळते झाले आणि बँकेने त्या प्रमाणात हप्ता कमी केला, तर पहिल्या वर्षानंतर हप्ता सव्वातीनशे रुपयांनी उतरेल, पाचही हप्ते जमा झाल्यावर सतराशेच्या आसपास. सव्वातीनशे रुपये घरखर्चात कुठे मुरतील, हे महिनाअखेरीस तुलाही सांगता येणार नाही. तेच, हप्ता होता तेवढाच ठेवून मुदत कमी करून घेतलीस तर कर्ज अडीच वर्षांहून अधिक लवकर संपतं. सुमारे एकतीस हप्ते, म्हणजे जवळजवळ पावणेसात लाख रुपये, तुम्हाला भरावेच लागत नाहीत. याउलट कमी कर्जात भागत असताना सबसिडी येणार म्हणून दोन लाखांचं कर्ज वाढवलंस, तर त्या दोन लाखांपोटी वीस वर्षांत ४ लाख १६ हजार परत करावे लागतील. सरकारने दिलेले १ लाख ८० हजार त्यात कुठच्या कुठे विरून जातात. व्याजदर बदलता असेल तर हे आकडे पुढेमागे होतील, पण वाटा कोणत्या दिशेला जातात ते बदलणार नाही.

यावर तू म्हणशील, घर काही रोज घेतलं जात नाही, पुढे मूल होईल, मग आज थोडं ताणलेलं काय वाईट? हा मुद्दा मी हलका मानत नाही. घर वारंवार बदलण्याचा खर्च खरोखरच मोठा असतो. पण मग ताणायचं ते तुमच्या पगाराच्या बळावर, आणि दोघांपैकी एकाचा पगार वर्षभर थांबला तरी हप्ता निघेल अशा बेताने. बाळंतपणाच्या काळात ही वेळ कोणावरही येऊ शकते. सबसिडी त्या वर्षी फक्त ३६ हजार देईल, म्हणजे दोन हप्तेही पुरे होणार नाहीत. शिवाय ते पैसे तुमच्या हातात येणार नाहीत, कर्जखात्यात जातील, आणि हप्ते थकून खातं बुडीत गेलं तर तेही थांबतील. पगाराच्या जोरावर मोठं घर पेलत असेल तर खुशाल घ्या, मात्र मग ते सबसिडीमुळे घेतलं असं म्हणू नका.

दुसरा आक्षेप असा की मदतीशिवाय अनेकांना घर घेणं शक्यच होत नाही. हे अगदी खरं आहे. वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेलं कुटुंब स्वतःच्या जागेवर घर बांधतं आणि त्याला केंद्र-राज्य मिळून अडीच लाख मिळतात, तेव्हा ती रक्कम घर होणार की नाही हेच ठरवते. तिथे माझा हा सल्ला लागू नाही, आणि अशा कुटुंबाला मिळणारी मदत वाढावी असंच मला वाटतं. पण तुमचं तसं नाही. तुम्ही घर घेणारच आहात. अशांना दिलेल्या मदतीचं काय होतं, याचं एक उदाहरण बघ. इंग्लंडमध्ये २०१३ साली ‘हेल्प टू बाय’ योजना आली. नव्या घराच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत सरकार कर्ज देई. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०१९ मध्ये पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक लाभार्थी योजनेशिवायही घर घेऊ शकले असते असं दिसलं. आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांना आढळलं की लंडन परिसरात, जिथे बांधायला जागाच कमी होती, तिथे योजनेने नव्या घरांच्या किमती वाढवल्या. बांधकाम मात्र त्या प्रमाणात वाढलं नाही. ग्राहकाच्या खिशात घातलेल्या मदतीचा काही भाग विकणाऱ्याकडे गेला. आपल्याकडची रक्कम त्या मानाने लहान आहे, पण रेटा तोच. म्हणून ‘सबसिडी वजा जाता किंमत’ छापलेल्या जाहिरातीतला आकडा बाजूला ठेव, आणि त्याच परिसरात जुना फ्लॅट चौरस फुटाला काय भावाने विकला जातो ते विचार. मुंबई-ठाण्यात ३५ लाखांत बसणारं घर शोधता शोधता माणूस बदलापूर, वांगणी, कर्जतकडे सरकतो. तिथे राहण्यात कमीपणा मुळीच नाही, पण रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये जाणार असतील तर तेही घराच्या किमतीत धर.

एका गोष्टीबद्दल मात्र मी सल्ला देत नाही, हट्ट धरतो. मर्यादेत बसवण्यासाठी करारावर ३५ लाख दाखवू आणि वरचे रोख द्या, असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिर. ते बेकायदेशीर तर आहेच, पण त्यात नागवली जाशील ती तूच. ताबा रखडला आणि महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, दाद मागितली, तर परतावा कागदावरच्या रकमेवर मिळेल. रोखीचे पैसे दिल्याचा पुरावा तुझ्याजवळ काय असेल? नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याची विकासकाला कायद्याने मुभा नाही, हेही ध्यानात ठेव.

घाईबद्दल थोडं. ‘योजना संपत आली’ हे वाक्य तुम्हाला जिथे जाल तिथे ऐकू येईल. पहिल्या टप्प्यातली मध्यम उत्पन्न गटाची व्याज सवलत मुदतवाढी मिळत मिळत मार्च २०२१ मध्ये संपली, कमी उत्पन्न गटांची मार्च २०२२ मध्ये, आणि तरी अडीच वर्षांनी नवा टप्पा आलाच. पाच टक्के मदत सुटेल या भीतीने अर्धवट कागदपत्रांच्या इमारतीत पंच्याण्णव टक्के गुंतवणं हा तोट्याचा सौदा आहे. त्याऐवजी हा वेळ पात्रतेत घाल. पती, पत्नी आणि अविवाहित मुलं यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, अशी अट आहे. गावच्या घराच्या उताऱ्यावर वारसनोंदीने जावईबापूंचं नाव लागलं आहे का, ते अर्ज करण्यापूर्वी तपासा. खोटं प्रतिज्ञापत्र करायची वेळ येऊ देऊ नका. खरेदी तुझ्या एकटीच्या नावावर केलीत तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ३५ लाखांवर ३५ हजार. सबसिडीच्या एका हप्त्याएवढेच, आणि तेही पहिल्याच दिवशी, नेमके अडचणीच्या वेळी वाचणारे. याचा दोघांनी मोकळेपणाने विचार करा.

कर्ज लवकर फेडायचं तर पहिल्या वर्षापासूनच जमेल तितकं भरत सुटावं, असंही तुला वाटेल. इथे एक मेख आहे. सबसिडीचा प्रत्येक हप्ता सुटताना कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून अधिक मुद्दल बाकी असावं लागतं. नेहमीचे हप्ते आणि सबसिडी एवढंच धरलं तर पाच वर्षांनी पंचवीसपैकी वीस लाखांच्या आसपास बाकी राहील, त्यामुळे चिंता नाही. बोनसचे पैसे भरायलाही त्यात पुष्कळ जागा आहे. फक्त एखादी मोठी रक्कम हाती आली तर पाचवा हप्ता जमा होईपर्यंत ही रेषा ओलांडू नका. बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकेला लावता येत नाही, त्यामुळे नंतर भरायला मोकळे आहातच.

टोकन देण्याआधी प्रकल्पाचा महारेरा क्रमांक आणि बँकेचं मंजुरीपत्र मला पाठव, दोन्ही बारकाईने तपासून कळवतो. आणि बँकेत अर्ज देशील तेव्हाच ‘सबसिडी जमा झाल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असं लेखी दे. त्याची पोच घ्यायला विसरू नकोस.

तुझा,
मामा