इंग्रजीतला साधा भूतकाळ

आपण म्हणतो, 'तो आला, ती आली, मांजर आलं.' इंग्रजीत तिघांनाही एकच 'केम'! क्रियापद मुलगा-मुलगी बघतच नाही. मला हे फार आवडलं.

आता आपल्या पुण्याचंच घ्या. १८४८ साली जोतीरावांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. 'ओपन'ला 'ईडी' जोडले की झालं 'ओपन्ड'. पण तिथे सावित्रीबाईंनी शिकवलं, तर 'टीच'चं 'टीच्ड' होत नाही, 'टॉट' होतं. अशी आडमुठी क्रियापदं पाठच करावी लागतात. आईला इंग्रजी येत नाही, तरी भाकऱ्या थापताना ती माझ्याकडून म्हणवून घेते.

प्रश्नात मात्र 'टॉट'चं पुन्हा 'टीच' करायचं, कारण भूतकाळ 'डिड'मध्येच आला : 'डिड सावित्रीबाई टीच देअर?'

'येस, शी डिड.'