लस आहे, पण बोलावते कोण?

एखादी लस निघाली की रोग हटला, असे आपण समजतो. वस्तुस्थिती निराळी आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्यावरील लस संसर्गापूर्वी, किशोरवयात घेतल्यास अधिक गुणकारी ठरते. म्हणजे ती निरोगी मुलीला टोचायची. आणि निरोगी मुलगी आपण होऊन दवाखान्यात जात नाही.

रवांडा हा गरीब देश. तेथे २०११ साली सहावीतील मुलींना शाळेतच लस दिली. शाळेबाहेरच्या मुली गावातील आरोग्य कार्यकर्त्यांनी शोधून काढल्या. ९० टक्क्यांहून अधिक मुलींनी तिन्ही मात्रा घेतल्या. जपान श्रीमंत. तेथे दुष्परिणामांच्या तक्रारी आल्यावर जून २०१३ मध्ये शासनाने शिफारस थांबविली. लस मोफतच राहिली, पण शासन मुलींना बोलावीनासे झाले. ७० टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण १ टक्क्याखाली घसरले. २०२२ मध्ये शिफारस पुन्हा सुरू झाली, तेव्हा हुकलेल्या तरुणींसाठी वेगळी मोफत सोय करावी लागली.

माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आईला पत्रक वाचता येत नाही. पण नर्सबाईंचा शब्द ती मोडत नाही. म्हणून ‘बायका अडाणी’ म्हणण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे : त्यांच्या दारी कोणी गेले होते का?