पाटी नको, कलम वाचा

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. तैवानच्या तायचुंगहून सीएनसी मशिनं आणताना खिशाला चाट बसून जे शिकलो, ते सांगतो.

१. दूतावास शोधू नका. भारताची तैवानला राजनैतिक मान्यता नाही. त्यामुळे दिल्लीत आहे ते ‘तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र’ आणि तैपेईत आपली ‘इंडिया तैपेई असोसिएशन’, १९९५ पासूनची. नावं ऐकून वाटलं, हे काय गणेश मंडळ आहे का? पण व्हिसा देतात तेच. २०२४ मध्ये तैवानचं केंद्र मुंबईतही उघडलं.

२. मान्यता नसली तरी कायदा वाट काढतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात २००६ साली कलम ९०ए आलं. दोन सरकारांऐवजी दोन ठरावीक संस्थांनी केलेला करार केंद्र सरकारला लागू करता येईल, अशी ही सोय. पलीकडच्या बाजूला ‘देश’ न म्हणता ‘क्षेत्र’ म्हटलं, की झालं! २०११ चा दुहेरी कर टाळणारा करार याच वाटेनं आला.

३. कागद आधी मागा. आमच्या ऑपरेटरांना शिकवायला तिकडून इंजिनिअर आला. अशा तांत्रिक सेवेच्या फीवर करारानुसार १० टक्केच कर. पण पुरवठादाराचा कर-रहिवासी दाखला मी मागितलाच नव्हता. कर जास्त कापला गेला, पुरवठादार रुसला, फरक मी भरला.

४. अमेरिकेची युक्ती समजून घ्या. १९७९ मध्ये तिनं बीजिंगला मान्यता दिली, तैपेईची काढली आणि लगेच ‘तैवान संबंध कायदा’ केला. अमेरिकी कायद्यांत जिथे जिथे परदेश किंवा परकीय सरकार म्हटलंय, तिथे तैवानही धरायचं, असं त्यात लिहिलं. एका वाक्यात सगळा व्यापार वाचला.

५. करारात काय नाही, तेही वाचा. २०२३ मध्ये अमेरिकी संसदेनं तैवानबरोबरच्या पहिल्या व्यापार कराराला कायद्यानं मंजुरी दिली. एक मित्र म्हणाला, “आता तिकडे जकात उतरणार, आपली मशिनं महागणार!” प्रत्यक्षात त्यात सीमाशुल्काची कार्यपद्धती, छोटे उद्योग, भ्रष्टाचाराला आळा असे विषय होते. जकातकपात नव्हतीच.

तिकडून काही मागवणार असाल, तर ऑर्डर देण्याआधी सीएला एवढंच विचारा: कलम कोणतं आणि दाखला कोणता?