काच अडली तर आधी कान दे

अगं, मोटर बदलायला लगेच हो म्हणू नकोस. जुन्या गाडीची काच वर जात नाही म्हटलं की बरेच जण आधी मोटरकडेच बोट दाखवतात. खर्चिक काम तेच. त्यातून गॅरेजात बाई एकटी उभी असली की तिला नीट कारण सांगायची तसदीही कुणी घेत नाही, याचा मला फार राग येतो. तू आधी स्वतः थोडं तपासून जा.

किल्ली ऑनवर ने पण इंजिन बंद ठेव, एसी आणि गाणी बंद कर, आणि बटण दाबून नुसतं ऐक. आतून घुर्र आवाज येतोय पण काच ढिम्म, तर मोटर बहुतेक चांगली आहे. काच उचलणाऱ्या मशीनची तार नाहीतर प्लॅस्टिकची पकड तुटलीय. आवाजच नसेल तर अंधार पडल्यावर गाडीतला दिवा लावून पुन्हा बटण दाब. दिवा क्षणभर मंदावला, तर वीज मोटरपर्यंत पोचतेय आणि मोटर किंवा काच अडकलीय. दिवा तसाच राहिला, तर वीज बहुतेक वाटेतच कुठेतरी तुटलीय.

सगळ्याच काचा बंद असतील तर आधी फ्यूज बघ. त्याच्यावर जो आकडा असेल, तोच नवा घाल. 'मोठा टाका, पुन्हा उडणार नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस, फ्यूजऐवजी वायर जळेल. एकच काच तिच्या दाराच्या बटणाने चालते पण तुझ्या दाराच्या मेन स्विचने चालत नाही, तर दोष त्या स्विचमध्ये. आणि उलट असेल, मागच्या दाराच्या बटणाने हलत नसेल, तर मेन स्विचजवळचं लॉकचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते आधी पाहा.

एक जागा मात्र घाईत हमखास सुटते. दार आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये बिजागरीपाशी रबराची नळी असते, तिच्यातून वायरी जातात. इतकी वर्षं दार उघडून-मिटून आतली तांब्याची तार तुटते, वरून मात्र वायर धड दिसते. बटण दाबून धर आणि दार हळूहळू उघड-मीट कर. मधेच काच हलली तर समज, तिथेच आहे. हे काम वायरिंगवाला करतो, मोटरला हातही लावावा लागत नाही.

तुमच्या खारी गावात तर गाडीला जास्तच जपायला हवं. खाडी जवळ, मिठागरं जवळ, खाऱ्या वाऱ्याने आणि दमटपणाने बटणांच्या आतल्या तांब्यावर हिरवट थर धरतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचं पाणी दारातच साठतं आणि मशीन गंजते. काडीने साफ कर. काच जड चालत असेल तर कडेच्या रबरात सिलिकॉनचा स्प्रे मार. खोबरेल किंवा ग्रीस अजिबात नको, त्याने रबर फुगतं आणि धूळ चिकटते. दहिसर नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, एसीही सतत चालू, म्हणून कित्येक काचा महिनोन्महिने उघडतच नाहीत. आठवड्यातून एकदा चारही काचा खाली-वर कर.

आता मी एवढं का सांगतेय ते ऐक. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत काही माणसं गाडीतच अडकून गेली. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही, आणि वीज गेली की काचही उतरत नाही. म्हणून काच तोडायची छोटी हातोडी डिकीत नको, हाताशी ठेव. वेळ आलीच तर आधी सीटबेल्ट सोड आणि बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मार. समोरची काच दोन थरांची असते, ती तडकते पण वाट देत नाही.

मुलं मागे बसली की लॉकचं बटण दाबूनच ठेव. जुन्या गाडीची काच बहुधा बोट मधे आलं तरी थांबत नाही.

काम होईपर्यंत काच उघडी राहिली असेल तर एकाला बटण दाबायला सांग, तू दोन्ही तळव्यांत काच धरून वर ओढ, बऱ्याचदा चढते. चढली की ती पुन्हा उतरवू नकोस. आणि गॅरेजात दाराचं आतलं पॅड काढलं, तर त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवून घे. तो फाडून टाकला तर पहिल्याच पावसात पायाखालचं कार्पेट भिजेल. रात्री दिवा लावून पाहिलंस की मला फोन कर, तो मंदावला की नाही ते सांग, मग वायरिंगवाल्याकडे जायचं की मशीनवाल्याकडे ते ठरवू.