बंदर नसलेल्या राज्याचे बंदर : बीदरची धावपट्टी

लष्करी विमानतळ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर वाळवंट उभे राहते. इराकमधील हब्बानियाचा तळ तसाच होता. मे १९४१ मध्ये इराकी फौजेने त्याला वेढा घातला, तेव्हा शिकाऊ वैमानिकांच्या विमानांनाच बॉम्ब अडकवून इंग्रजांनी तो राखला. कुमक आली तीही विमानानेच. रस्ते बंद झाले की धावपट्टी हेच एक दार उरते. आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात अशीच एक धावपट्टी आहे, मात्र ती वाळवंटातली नव्हे. ती बीदरची.

परभणीहून परळी-उदगीर मार्गाने आगगाडी बीदरला जाते. आज बीदर कर्नाटकात आहे. परंतु १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. गाव जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी रुतते, तेथे जड विमानाचे काय? म्हणूनच हे पठार सोयीचे पडले असावे, असे मला वाटते.

१९४८ साली निजाम मीर उस्मान अलीच्या राज्याला चारही बाजूंनी भारताची सरहद्द होती. समुद्र नाही, बंदर नाही. गोव्याचे मुरगाव बंदर मिळावे ही त्याची खटपट फसली होती. अशा वेळी सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक पुढे आला. मोठा धाडसी व तितकाच व्यवहारी माणूस! महायुद्धापूर्वी त्याने इंग्रजांसाठी जर्मनीची गुप्तपणे हवाई छायाचित्रे घेतली होती. आता तो लँकेस्ट्रियन विमानांतून कराचीहून रातोरात शस्त्रे आणू लागला. सुमारे तेराशे किलोमीटरचा पल्ला, आणि उतरण्याची ठिकाणे बीदर व वरंगळ. इकडे आकाशातून बंदुका उतरत होत्या, तिकडे उमरखेडसारख्या सरहद्दीवरील केंद्रांतून स्वातंत्र्यसैनिक पायी आत शिरत होते.

या उड्डाणांचा उपयोग किती झाला? माझ्या मते फारच थोडा. एका विमानात मावणारा माल आगगाडीच्या एका डब्याएवढाही नसतो. शिवाय नवी शस्त्रे हाती देऊन फौज तयार होत नाही. तिला शिक्षण लागते, वेळ लागतो. १३ सप्टेंबरला भारतीय सेना सोलापूरच्या बाजूने निघाली, हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी निजामाच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. दार होते, पण ते बंद करायला चार-दोन विमाने पुरली. हब्बानियाला लढणारी विमाने तळावरच होती. बीदरला फक्त माल उतरत होता. फरक पडला तो येथे.

कॉटनवर पुढे लंडनमध्ये खटला होऊन दोनशे पौंड दंड झाला. बीदरचा तळ भारतीय हवाई दलाकडे आला आणि वैमानिकांच्या शिक्षणाचे केंद्र बनला. १९९६ साली हवाई कसरती करणारे 'सूर्यकिरण' पथक तेथेच उभे राहिले. २००८ पासून तेथे हॉक विमानांवर शिक्षण दिले जाऊ लागले.